वडावरचा यक्ष आणि देवमाशाच्या पोटातला माणूस

आज आपण ज्या पुस्तकाविषयी बोलणार आहोत त्याचं नाव 'गलोर'. लेखक मायकल क्रमी, न्यूफाउंडलंडचे. पुस्तक २००९ सालचं, आणि २०१० मध्ये त्याला राष्ट्रकुल लेखक पुरस्कारांत कॅनडा-कॅरिबियन विभागाचं उत्कृष्ट पुस्तक म्हणून मान मिळाला. न्यूफाउंडलंड म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पूर्व टोकाला अटलांटिकमध्ये बसलेलं एक मोठं बेट. जमीन खडकाळ, हिवाळा लांब, किनाऱ्याला बर्फ येऊन लागतो. तिथे माणसं शेती करायला गेली नाहीत, कॉड नावाच्या माशासाठी गेली.

आम्ही साहित्याचे प्राध्यापक नव्हे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि त्यातही ज्ञानमीमांसा, म्हणजे 'तुला हे कशावरून कळलं?' हा प्रश्न. त्यामुळे या कादंबरीकडे आम्ही त्याच खिडकीतून पाहणार. कथानक थोडं सांगावं लागेल. पण उत्सुकता फुटली की संपणारं हे पुस्तक नव्हे. लेखक स्वतःच शेवटाकडचं आधी सांगून सुरुवात करतो.

गोष्ट अशी. पॅराडाइज डीप आणि द गट ही शेजारशेजारची दोन कोळीगावं. एकात प्रामुख्याने इंग्रज प्रॉटेस्टंट, दुसऱ्यात आयरिश कॅथलिक. उपासमारीचे दिवस चालले आहेत. अशात एक देवमासा किनाऱ्यावर येऊन पडतो. सगळं गाव सुऱ्या-कुऱ्हाडी घेऊन धावतं, कारण ते मांस आहे, चरबी आहे, दिव्याचं तेल आहे. कापता कापता त्याच्या पोटातून एक माणूस बाहेर येतो. पांढराफटक, मुका, आणि अंगाला माशाची अशी दुर्गंधी की ती जन्मभर जात नाही. याला नाव काय द्यायचं? बायबलमध्ये माशाने गिळलेला तो जोना. पण गावात वाचता येणारे जवळजवळ नाहीत. कुणी म्हणतं जोना, कुणी म्हणतं जुडास. मग तडजोड म्हणून नाव पडतं 'जुडा'.

इथे आम्ही पहिल्यांदा थांबलो. लोक हसून पुढे जातात, पण लेखकाने इथे फार मोठी गोष्ट सांगून ठेवली आहे. धर्मग्रंथ या गावात आहे, पण तो ऐकीव आहे. गावातलं एकुलतं बायबल जेबेझ ट्रिम नावाच्या माणसाकडे, आणि तेसुद्धा अपुरं, एका मोठ्या कॉडच्या पोटात सापडलेलं. म्हणजे ग्रंथही माशाच्या पोटातून आला आणि माणूसही. दोघांची पानं गहाळ. या गावाला ज्ञान मिळतं ते असं, भिजलेलं, अर्धवट, समुद्राने दिलेलं. उरलेलं लोकांनी बोलून भरून काढायचं.

आणि लोक ते भरून काढतात. जुडा होडीत बसला की मासे मिळू लागतात, मग तो शुभ ठरतो. केरिव्हनच्या झाडाच्या फांद्यांतून तान्ही मुलं पार केली की रोगराईपासून वाचतात, अशी समजूत रुजते. गॅलरी नावाचा एक माणूस मेल्यावरही घरी परततो आणि चुलीजवळ बसून राहतो. त्याच्या बायकोकडे गावचा दारुडा, फिरता पाद्री फादर फेलन येत-जात असतो, आणि भूत हे सगळं पाहत बसतं. लेखक यावर 'असं लोक म्हणत' असं कुठे म्हणत नाही. भूत चुलीजवळ बसलं होतं, एवढंच सांगतो. जसं पातेलं चुलीवर होतं, तसं.

समीक्षकांनी याला 'जादुई वास्तववाद' म्हटलं. मार्केझचं ऋण आहेच, लेखकानेही ते लपवलेलं नाही. पण ते लेबल आम्हाला अपुरं वाटतं. 'जादुई' म्हणणारा माणूस आधीच गावाबाहेर उभा असतो. कोकणातल्या ज्या श्रोत्यांच्या गावात राखणदार आहे, त्यांनी आठवून पाहावं. संध्याकाळी त्या वाटेने जाऊ नकोस असं सांगणारी आजी काही जादुई वास्तववाद सांगत नसते. ती वाट सांगत असते.

तर आता आमच्या खिडकीकडे येतो. डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये चमत्कारांवर एक प्रकरण लिहिलं. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा: साक्षीदाराची साक्ष खोटी ठरणं हे त्या चमत्काराहूनही अशक्य असेल, तरच चमत्कारावर विश्वास ठेवावा. असं सहसा होत नाही, म्हणून चमत्काराची साक्ष बाजूला ठेवावी. युक्तिवाद धारदार आहे. आम्ही तो वर्षानुवर्षं वर्गात शिकवला आणि मोठ्या चवीने शिकवला. पण त्याच प्रकरणात ह्यूम पुढे असंही सुचवतो की अशा कथा मुख्यतः अडाणी, रानटी समाजांत पिकतात. म्हणजे साक्ष तोलण्याआधी साक्षीदाराचं कूळ तोललं गेलं.

याच्या शेजारी आपला न्यायभाष्यकार वात्स्यायन ठेवून पाहा. शब्द हे प्रमाण का, तर तो आप्ताचा शब्द आहे म्हणून. आप्त कोण? ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. आणि मग भाष्यकार स्पष्ट सांगतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ तिघांनाही सारखंच लागू आहे. तिघांनाही! म्हणजे समुद्राविषयी कोळी आप्त आहे. त्याचं कूळ विचारायचं कारण नाही.

पण आमची अडचण इथे संपत नाही. देवमाशातून माणूस निघताना पाहणारे कधीच मेले, आणि कादंबरी पाच-सहा पिढ्या चालते. पणतवंडाने हे कशावरून मानायचं? जुन्या शास्त्रकारांनी यासाठी 'ऐतिह्य' असा शब्द ठेवला आहे. ज्याचा पहिला सांगणारा कोण ते माहीत नाही, पण जे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं, ते ऐतिह्य. उदाहरण ठरलेलं: या वडावर यक्ष राहतो. कुणी पाहिला? माहीत नाही. असं सांगतात. पौराणिकांनी ऐतिह्याला स्वतंत्र प्रमाण मानलं. नैयायिकांनी मानलं नाही. त्यांचं म्हणणं असं की सांगणारा आप्त असेल तर ते शब्दातच आलं, आणि सांगणाराच ठाऊक नसेल तर ते प्रमाणच नव्हे.

'गलोर' ही ऐतिह्याची कादंबरी आहे, असं आमचं म्हणणं आहे. केरिव्हनचं झाड आणि तो वड एकाच जातीचे. यक्ष आहे की नाही, हा प्रश्न लेखक सोडवायला घेत नाही. त्याचा प्रश्न वेगळा आहे. ज्यांच्याकडे दुसरा कुठलाच कागद नाही, त्यांनी स्वतःविषयीचं ज्ञान ठेवायचं कुठे?

कागद गावात होता. पण तो एकाच माणसाकडे होता, व्यापाऱ्याकडे. हा भाग समजून घेतल्याशिवाय कादंबरी कळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कितीतरी काळ रोख पैसा जवळपास फिरतच नव्हता. वसंतात व्यापारी कोळ्याला उधारीवर मीठ, दोर, जाळी, पीठ, चहा, काकवी देई. उन्हाळाभर कोळ्याने कॉड पकडायचा, घरच्या बायकामुलांनी तो चिरायचा, खारवायचा आणि लाकडी माचांवर उन्हात वाळवायचा. शरद ऋतूत तो मासा त्याच व्यापाऱ्याकडे जाई. माशाची प्रत त्याचाच माणूस ठरवणार, भाव तोच ठरवणार, आणि वसंतात दिलेल्या मालाची किंमतही त्यानेच लावलेली. वजावट होऊन उरलं तर हिवाळ्याचं धान्य, नाही उरलं तर पुढल्या वर्षावर बाकी. बाप मेला तरी कर्ज घराण्यावर राही. हे सगळं एका वहीत. आणि ज्याच्या नावावर लिहिलंय त्याला ती वही वाचता येत नाही.

कादंबरीत हा व्यापारी म्हणजे 'किंग-मी' सेलर्स. समोर उभी आहे डिव्हाइनची विधवा. तिला पुस्तकभर याच नावाने ओळखतात, मेलेल्या नवऱ्याच्या नावाने. सुईण ती, वैदू ती, आणि देवमाशातून जुडाला बाहेर काढण्यात पुढे तीच. तरुणपणी ती सेलर्सच्या घरी चाकरीला होती. त्याने लग्नाचं विचारलं, तिने नकार दिला, आणि त्या नकारातून दोन घराण्यांचं वैर पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिलं. पुढे तिचा मुलगा आणि त्याची मुलगी यांचंच लग्न झालं, आणि वैर दोन्ही बाजूंच्या रक्तातच शिरलं. तिची नात मेरी ट्रायफीना हिचं मन एकीकडे आणि लग्न मुक्या जुडाशी, तेही म्हातारीच्या निर्णयाने. म्हणजे म्हातारी काही साध्वी नाही. ती गाव वाचवते आणि नातीचं आयुष्यही स्वतःच्या मुठीत धरते. लेखकाने तिला सजवलेलं नाही, हे आम्हाला फार आवडलं.

तर गावात दोन नोंदी आहेत. एक सेलर्सची वही आणि दुसरी विधवेची जीभ. वहीत माणूस म्हणजे येणं-देणं. जिभेवर माणूस म्हणजे कुणाचा कोण, कुठल्या वादळात वाचला, कुणाच्या शापाने मेला. वहीत आकडा पक्का आहे आणि न्याय खोटा आहे. जिभेवरच्या गोष्टीत घटना अशक्य आहे, पण न्यायाचा हिशोब लागतो. या पुस्तकातला प्रत्येक चमत्कार कुठल्या तरी देण्याघेण्याच्या जागी उभा आहे, हे ताडून पाहा. जुडा उपासमारीत येतो. झाड मुलं मरतात म्हणून लागतं. भूत अपराध फिटलेला नाही म्हणून बसून राहतं.

मुखवट्यांचा प्रसंगही याच दृष्टीने वाचावा. नाताळच्या दिवसांत सोंगं घेऊन, तोंड झाकून, आवाज बदलून घरोघर शिरायचं, ही त्या बेटावरची जुनी रीत. वर्षभर ज्याच्यासमोर मान खाली, त्याच्या दारात त्या रात्री हवं ते बोलता येई. डिसेंबर १८६० मध्ये बे रॉबर्ट्स इथे अशा सोंगाड्यांच्या हातून एक खून झाला आणि १८६१ मध्ये कायद्याने परवान्याशिवाय सोंग घेण्यावर बंदी आली. सोंगाखाली बोललेलं कुणाच्या नावे लिहिता येत नाही. इथे बोलणारा अज्ञात आहे तो मुद्दाम! ऐतिह्यात पहिला सांगणारा सापडत नाही, याची खंत नैयायिकांना होती. गरिबाला त्यात आसरा असू शकतो, हा मुद्दा मात्र आमच्या वर्गात कधी निघाला नव्हता.

आता दोषांकडे वळू. पुस्तकाचे दोन भाग आहेत. दुसऱ्या भागात तारखा येतात. अमेरिकन डॉक्टर न्यूमन येतो. विल्यम कोकर येतो, हा खरा माणूस, ज्याने १९०८ मध्ये हेरिंग नेक इथे कोळ्यांची संरक्षक संघटना उभी केली आणि व्यापाऱ्यांच्या वहीलाच हात घातला. पुढे महायुद्ध येतं. एक जुलै १९१६ रोजी बोमाँ-आमेलला न्यूफाउंडलंडच्या पलटणीचे सुमारे ८०० जण पुढे सरसावले, आणि दुसऱ्या दिवशीच्या हजेरीला ६८ उभे होते. हा आकडा ऐकल्यावर देवमाशातला माणूस फारसा अविश्वसनीय वाटत नाही.

पण कादंबरी म्हणून इथे वीण सैल होते, हे मान्य केलं पाहिजे. पात्रं भराभर येतात, पिढी कुठली हे पाहायला मागे जावं लागतं. सेलर्सचा वारस लेव्हाय हा निव्वळ दुष्ट आहे. आजोबा-पणजोबांच्या लोभात जो दुखावलेला माणूस दिसत होता, तो याच्यात दिसत नाही. कुणी म्हणेल की अद्भुत आटत जाणं हाच लेखकाचा मुद्दा आहे, संघटना, डॉक्टर, वर्तमानपत्र आलं की भुतांना जागा उरत नाही. अर्धं पटतं. पण अद्भुत आटलं म्हणून माणसंही पातळ व्हायला हवीत, असं नाही. कोकरची संघटना हा गावाने स्वतःच्या हाताने लिहिलेला पहिला कागद होता. तो क्षण विधवेच्या जिभेइतकाच अद्भुत व्हायला हवा होता. तिथे लेखक इतिहासाच्या दडपणाखाली आला, असं आम्हाला वाटतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. त्या बेटावर या कोळ्यांच्या आधी बिओथक लोक राहत होते. युरोपीय वस्ती वाढली, किनारा तुटला, रोग आले, हत्या झाल्या. शनॉडिथिट नावाची स्त्री १८२९ मध्ये सेंट जॉन्समध्ये वारली, तिला शेवटची बिओथक मानतात. या कादंबरीत त्या लोकांना जवळजवळ जागा नाही. क्रमी यांनी त्यांच्यावर २००१ मध्ये 'रिव्हर थीव्ह्ज' ही वेगळी कादंबरी लिहिली आहे, तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण ऐतिह्याची ही दुसरी बाजू नोंदवलीच पाहिजे. गाव आपल्या गोष्टीत काय ठेवतं, तसंच काय गाळतं, हेही विचारावं. व्यापाऱ्याची वही ज्यांना गाळते, ते स्वतःच्या गोष्टीतून आणखी कुणाला गाळत असतात.

आता पुस्तकाच्या नावाकडे या. 'गलोर' हा इंग्रजीत आयरिश भाषेतून आलेला शब्द. मुळात त्याचा अर्थ 'पुरेसं' असाही होतो आणि 'भरपूर' असाही. ज्यांना पुरेसं कधी मिळालं नाही त्यांच्या गोष्टीला हे नाव. आणि त्यामागे एक सत्य घटना आहे. १४९७ मध्ये जॉन कॅबटचं जहाज त्या बाजूला जाऊन आलं, तेव्हा टोपली पाण्यात सोडली तरी मासे भरून येतात अशी वार्ता युरोपात पसरली. ह्यूमच्या तराजूत हे घातलं तर? सामान्य अनुभवाच्या विरुद्ध, सांगणारे खलाशी, म्हणजे थापच. पण मासा खरोखरच तसा अमाप होता. त्या माशावर पुढली पाच शतकं माणसं जगली.

आणि मग दोन जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारने कॉडच्या मासेमारीवर बंदी घातली, कारण मासा संपत आला होता. सुमारे ३०,००० माणसांचं काम एका दिवसात गेलं. याच्या आधीच्या दशकात काय झालं ते पाहा. किनाऱ्यालगत लहान होड्यांनी मासे धरणारे कोळी सांगत होते की मासा लहान येतोय, कमी येतोय. सरकारी मोजणीचे आकडे सांगत होते की साठा सुधारतो आहे. आकडे चुकीचे निघाले. त्यांत मोठ्या ट्रॉलरना मिळणाऱ्या माशांची गणती होती, आणि उरलेला मासा जिथे गोळा होईल तिथे ट्रॉलर पोहोचत होते, म्हणून भरघोस वाटत होतं. कोळ्यांची साक्ष 'ऐकीव' म्हणून बाजूला राहिली. ती ऐतिह्यही नव्हती. तो प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा शब्द होता, वात्स्यायनाच्या व्याख्येप्रमाणे शुद्ध आप्तवाक्य. फक्त सांगणारा कोळी होता. 'गलोर' बंदीनंतर सतरा वर्षांनी आली. मासा गेलेल्या किनाऱ्यावर बसून लेखकाने मासा देणाऱ्या मुक्या माणसाची गोष्ट लिहिली. म्हणून या पुस्तकातलं अद्भुत आम्हाला सजावट वाटत नाही.

शेवटी एक घरची गोष्ट सांगून थांबतो. आम्ही मूळचे कोकणातले, खाडीकाठच्या एका गावाचे. आमच्या पणजोबांची नारळाची वाडी होती, ती गेली. कशी गेली, याची आजीची एक गोष्ट होती. राखणदार रात्री दारात आला, काठी आपटली, म्हणाला, इथलं तुमचं संपलं, उठा. ती गोष्ट लांब होती, तिच्यात पाऊस होता, कंदील होता, पणजीने पदरात बांधून घेतलेली माती होती. आम्ही एम.ए.ला असताना ह्यूम वाचला, आणि त्याच सुटीत घरच्या पेटीत एक जुना दस्त सापडला. वाडी कर्जात गेली होती, एका सावकाराकडे. रक्कम अगदी किरकोळ. आम्ही तो कागद घेऊन आजीसमोर गेलो. म्हटलं, "आजी, बघ, तुझा राखणदार म्हणजे सावकार."

ती रागावली नाही. म्हणाली, "कागद सावकाराचा. तो सावकाराचंच बोलणार. आमचं कोण बोलणार?"

आम्हाला तेव्हा वाटलं, वाद आपण जिंकला. तिने ती गोष्ट आम्हाला पुन्हा कधी सांगितली नाही. आज तो दस्त आमच्याकडे आहे, त्यावरचा आकडा पाठ आहे. गोष्ट मात्र अर्धीच आठवते. पदरातल्या मातीचं पुढे काय केलं, ते आठवत नाही, आणि विचारायला कुणी उरलं नाही. जेबेझ ट्रिमच्या बायबलसारखं, पानं गेलेली.

दस्त खोटा होता असं आम्ही म्हणत नाही. वाडी कर्जातच गेली, हे सत्य आहे. पण अंधारात, पावसात, कुणीतरी दाराशी येऊन घर सोडायला लावलं, आणि ते माणसाच्या ताकदीबाहेरचं वाटलं, हेही सत्यच आहे. ते दस्तात नाही, आणि ते धरून ठेवायला तिच्याकडे राखणदाराशिवाय दुसरा शब्द नव्हता. तिच्या अनुभवाची ती आप्त होती. एवढं कळायला आम्हाला ही परदेशी कादंबरी लागली, आणि मधली पन्नास वर्षं.

कादंबरीचा शेवट सांगत नाही. युद्धातून वाचा आणि स्मृती हरवून परतणारा एक तरुण, समोर समुद्र, आणि पुन्हा देवमासा, एवढं सांगतो. वाचताना सुरुवातीची पानं जवळ ठेवा. आता प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंनी हात वर केलाय, बोला.